एक भोक सोडून

पुण्याची जाऊ फोनवर हसते,
"सोलापुरात कसली गं थंडी?"
ती येते मे महिन्यात, लग्नाबिग्नाला,
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फिरते.
तिचं तरी काय चुकलं.

हे घर उन्हाळ्याच्याच भीतीनं बांधलंय.
भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटं फट
मामंजींनी मुद्दाम सोडली.
"वारं खेळायला पायजे," म्हणाले.
डिसेंबरात खेळतंय.

नरहरी कारखान्यातून पोतं आणतो
टॉवेलच्या कापलेल्या किनारींचं,
गुलाबी, पोपटी, मधेच एखादी भडक निळी.
स्टुलावर चढून मी त्या फटीत कोंबते
उलथन्याच्या दांड्यानं.
शेजारची रुक्मव्वा स्टूल धरते आणि
खालून सूचना देते.
बाहेरून बघितलं तर
घराला झिपऱ्या फुटल्यात.

पत्र्याखाली फ्लेक्स ताणलाय,
कुणा दादाच्या वाढदिवसाचा, घाईत उलटा लागला.
निजलं की तो खाली डोकं करून हात जोडतो.
पहाटे त्याच्या नाकावरून थेंब पडतात.
पाऊस नव्हे. आमचेच श्वास,
रात्रभर वर जाऊन गार झालेले.

चादर? आहे की.
मोराला तीन पाय विणले गेले म्हणून स्वस्तात मिळाली.
मौनिका भिंतीकडून अंधारात
तिसरा पाय बोटानं शोधते,
सापडला की झोपते.

सगळं बुजवलं, एक भोक सोडून.
गॅसच्या वरचं, वहीएवढं.
मागच्या गल्लीतले चिलका नवरा-बायको
गेल्या साली शेगडी पेटवून, दार लावून निजले.
सकाळी लोकांनी दार फोडलं. वाचले.
पण तो अजून बोलता बोलता
मधेच थांबतो, साधा शब्द शोधत,
"ते... ते आपलं..."
बायको सांगते, "मीठ."

त्या भोकातून येणारं वारं
नेमकं आमच्या अंथरुणावर पडतं.
आमचं म्हणजे पाळीपाळीचं.
पाचला तो रातपाळीहून येतो, भुवयांवर सूत,
तेव्हा मी उठते, विडीची पानं भिजवायला.
उठताना चादर झटकायची नाही,
उलटायची नाही,
मांजरासारखं सरकून बाहेर यायचं,
म्हणजे माझ्या आकाराची ऊब तशीच राहते.
तो तीत शिरतो. जरा मोठा पडतो,
पाय बाहेर राहतात.
"गरम आहे," म्हणतो, रोज,
जसं काही मी रांधून झाकून ठेवलंय.

मोरीत पाण्याची बादली.
हात घालायच्या आधी
दोन्ही पंजे काखेत धरते, दहापर्यंत मोजते.
आज बारापर्यंत मोजलं.