सैल हात

बुधवारच्या जुन्या बाजारात रफीक तांबोळीच्या ताडपत्रीवर
दोन इस्त्र्या, एक बिनकाट्यांचं घड्याळ
आणि मध्ये ही, पालथी पडलेली.
"बाराशे."
"सहाशे."
"काका, जर्मन आहे."
"स्क्रू बोहरी आळीतले आहेत."
साडेसातशेला सुटली.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, गोणपाटात काय?
म्हटलं, पडद्याचा दांडा.
त्यानं दांड्याचंही अर्धं तिकीट फाडलं.

घरी हिला धरून अकरा झाल्या.
कुणाचा दस्ता शिसवी, कुणाचा अक्रोडी,
एकीची माशी गेलेली, तिथे मी सायकलची तार झाळली आहे.
छऱ्याच्या बंदुका.
जत्रेत पोरं फुगे फोडतात त्याच कुळातल्या,
फक्त घराणं जरा जुनं.

हिच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं.
तारेनं टोकरून काढलं, चिमूटभर.
मग लक्षात आलं, दट्ट्या मागेच आहे.
कुणीतरी हिला भरून ठेवली होती.
भरली, आणि उडवलीच नाही.

तीस वर्षं? चाळीस?
नेम धरला असेल पेरूवरच्या पोपटावर,
नाहीतर समोरच्या गच्चीतल्या दिव्यावर,
आणि आतून हाक आली असेल, पानं वाढली.
तो उठला. ही कोपऱ्यात उभी राहिली.
आत स्प्रिंग तेवढी दात आवळून.

गच्चीवर नेऊन मी चाप ओढला.
खोकली.
पांढरा पडलेला छर्रा नळीतून बाहेर आला
आणि माझ्या चपलेपुढे वीतभर अंतरावर बसला,
लांबून चालत आलेला माणूस पायरीवर बसतो तसा.

आठ दिवस लागले.
जुन्या कोल्हापुरीच्या तळव्यातून वायसर कापला,
रात्रभर तेलात भिजवला.
स्प्रिंग भोसरीच्या ढमाल्यांनी वळून दिली.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले, पहिला बार मला बघायचाय.
आणि आलेच नाहीत.

रविवारी दुपारी
स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत साडेनऊ पावलं.
रद्दीच्या गठ्ठ्यावर पुतणीची लग्नपत्रिका, उलटी,
तिच्यावर वाटीनं काढलेलं वर्तुळ.
शालन दारात उभी, हाताला कणीक.
म्हणाली, मी बघू?

सत्तावीस वर्षं खडकीच्या कारखान्यात हिनं काडतुसं तपासली.
तळहातावर घेऊन फिरवायची. डाग, पोचा, भेग.
नापास डावीकडे, पास उजवीकडे.
किती लाख, विचारलं तर हसते.
एकाचाही आवाज ऐकला नाही कधी.

हात धुतले नाहीत. बसली स्टुलावर.
मी म्हटलं, घट्ट धरू नकोस.
स्प्रिंगची बंदूक आधी मागे येते, मग पुढे झेपावते,
आणि छर्रा अजून नळीतच असतो.
आवळलीस की चुकलीस.
तळहातावर नुसती ठेव, तिला हलायचं तर हलू दे.
"ठाऊक आहे," म्हणाली.
कसं, ते सांगितलं नाही.

पहिला वर्तुळाच्या बाहेर, दोन बोटं खाली.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
दुसरा आत.
तिसरा दुसऱ्याला खेटून.
चौथ्याचं भोक दिसेना, म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं,
तिसऱ्यातूनच गेला होता.
दस्त्यावर कणकेची चार बोटं वाळत होती.

कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
मी म्हटलं, गॅस.
"तुम्हीच बघा,"
गुडघ्यावर नळी मोडत ती म्हणाली,
"आणि येताना जरा लहान वाटी आणा."