चोवीस

फुरसुंगीला टँकरनं मुरूम भिजवला होता,
तरी दुसऱ्या हीटपासून धूळ घशात.
नाना पेठेची आपली टीम: चौघं जण,
त्यातल्या एकाची गाडी उधारीची.

केदारी पहिल्याच वळणाला आडवा.
बहिरटांची तेजल दोनदा जिंकली, मग क्लच जळाला.
झुबिन तिसरा आला तो इतक्या निवांत
की त्याच्या आईनंच विचारलं,
वाटेत चहाला थांबला होतास का?

मी फळ्यावर, खडू घेऊन.
कोल्हापूर एक्केचाळीस, पुणे तेवीस.
लोक पार्किंगकडे निघालेले.

शेवटची हीट. कोल्हापूरची दोघं केव्हाच पोचली,
केदारी परत पडला,
आणि रेषा दिसत असताना
इम्तियाजची चेन तुटली.
ब्रेक तर या गाड्यांना नसतातच.
तो उतरला.
हँडल धरून, बूट घसरवत,
ढकलत निघाला.
शिट्टी नाही, टाळी नाही.
कठड्यापाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "हाण."

पुढचं चाक रेषेवर टेकलं.
मी तेवीसमधला तीन बाहीनं पुसला
आणि चार एवढा मोठा काढला
की कोल्हापूरचे सेहेचाळीस
कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहावे लागले.