हेलिको, प्टर

बोरस्ते सर शब्द टाळ्यांनी फोडायचे.
एग्, झॅ, मि, ने, शन.
मी चारांतच संपवला,
पाचवी टाळी पाठीत बसली.

आता मोहाडीच्या पॅकहाउसात
खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो: फायटोसॅनिटरी.
युरोपात जायचं तर द्राक्षांना
आधी एवढं नाव सोसावं लागतं.

टेबलापलीकडे सोनीबाई भोये,
हंगामापुरती सुरगाण्याहून आलेली,
घड उलटा धरून खराब मणी कातरते.
काय लिहिलंय एवढं लांबलचक?
मी टाळ्या वाजवून दाखवल्या. सहा.
ती म्हणाली, हे तर मणी मोजणं झालं.
देठ बघ. पाकळी कुठून फुटली ते बघ.
पाकळी उतरवली की मणी
तिच्यासोबत येतातच.

रात्री मोबाइलवर शोधलं.
फायटो म्हणजे झाड, उरलेलं आरोग्य.
सकाळी सांगितलं तर म्हणते,
म्हणजे झाड बरं आहे अशी चिठ्ठी.
मग सरळ तसं लिहायला काय झालं?

तेव्हापासून चहाच्या सुट्टीत हाच उद्योग.
रेफ्रिजरेटर: री म्हणजे पुन्हा, पुढे गारठा.
पुन्हा गार? आधी कधी होती?
मीच उत्तर दिलं, वेलीवर, पहाटे,
निफाडचा पारा चारवर होता तेव्हा.
ट्रान्सपोर्ट: पलीकडे, वाहून नेणं.
ती म्हणाली, हा माहितीये.
यातूनच आलो आम्ही, अठरा जणं, उभ्यानं.

सगळे शब्द असे शहाण्यासारखे सुटत नाहीत.
शाळेत सूर्योदय सोडवताना विचारलं होतं,
मधला ओ कोणाचा, सूर्याचा की उदयाचा?
सर म्हणाले, खाली बस.

काल ओझरकडून एक हेलिकॉप्टर आलं,
इतकं खालून की शेडचे पत्रे बोलायला लागले.
हेली आणि कॉप्टर, मी म्हणालो, सरळ दोन.
शोधलं तर चुकलेलो.
हेलिको म्हणजे पीळ,
प्टर म्हणजे पंख.
कातर लावायची ती जोडाक्षराच्या आधी,
जिथे तोंड थांबायला तयारच नाही.
टाळ्या चार पडतात,
एकही त्या जागी पडत नाही.

सोनीबाईनं मिसरीचं बोट पुसून
म्हणून पाहिलं. प्टर.
ओठ मिटले, जीभ अडली, थोडी थुंकी उडाली.
पुन्हा म्हणाली. प्टर.
सुपरवायझर खैरनार मागे वळून बघायला लागला.

तिनं मान खाली घातली, पुढचा घड उचलला.
देठापाशी वेलीची एक बाळी राहिली होती,
वाळलेली, तीन वेढ्यांची.
ती कापून तिनं माझ्या चिठ्ठ्यांवर टाकली.
हे घे, म्हणाली, तुझं अर्धं.