आढळले नाही

जानेवारीअखेर औलू शहरात साडेनऊला उजाडतं.
त्याआधीच इर्मेली बाकावर येऊन बसलेली,
हाइलुओतो बेटावरून, गोठलेल्या समुद्रावर गाडी घालून.
फिरत्या ग्रंथालयाची ती चालक.

बाही वर सारते तर कोपराच्या आत
मागच्या सुईचं जांभळं अजून उतरलेलं नाही,
तळहाताएवढं, चिरडल्या बेरीच्या रंगाचं.
चेहरा गोल, फुगलेला.
"हा माझा नव्हे," म्हणते,
"लायसन्सवरची बाई बघ. ती मी."

डाव्या मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी,
तिच्यात अक्रोडाएवढी गाठ,
रात्रंदिवस कॉर्टिसॉल ओतणारी,
नळ उघडा टाकून गावाला गेलेल्या घरासारखी.
कॅन्सर नव्हे.
आमच्या फिनिश भाषेत अशा गाठीला
'चांगल्या जातीची' म्हणतात.

"नऊ वर्षं झोप खाल्ली,
हाडं भुसभुशीत केली,
दोन पायऱ्या चढताना मांड्या लटपटवल्या.
वाईट जातीची असती तर काय केलं असतं गं?"
मी नळीवर तिचा क्रमांक चिकटवते.

नळी हिसडायची नाही.
आठदा उलटीसुलटी, हळू,
तान्ह्याची कूस बदलावी तशी.
मग दोनदा फिरवायची.
वर राहतो प्लाझ्मा, ताकाच्या निवळीसारखा,
आणि त्यात मेलेल्या पेशींचे डीएनएचे तुकडे,
दीडशे-पावणेदोनशे अक्षरांचे,
बहुतेक रक्ताचेच, थोडे यकृताचे.
गाठीचे किती?
तेच तर पाहायचं होतं.

हे तिला समजावत होते, तर मधेच म्हणाली,
"कळलं. परत आलेल्या पुस्तकात
माशाचा खवला निघाला की ते बंदरावरून आलंय.
मेणाचा डाग म्हणजे म्हातारा पेल्टोला.
दुमडलेलं पान त्याच्या सुनेचं, कबूल करत नाही."
हो, तसंच.
फक्त ही गाठ पुस्तकं नेते
आणि बहुधा परतच करत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी.
पण इथे हवं ते शीत एकच
आणि तेही दुसऱ्याच चुलीवरचं.

मार्चमध्ये गाठ काढली.
सर्जन कोस्किवारानं बशीत ठेवली, पिवळीधमक.
तिच्यात एक अक्षर बदललेलं सापडलं,
लगेच, काही लपवाछपवी नाही.
तेच अक्षर शोधायला मी
जानेवारीच्या प्लाझ्माचे वीस हजार थेंब केले.
यंत्रापुढून एकेक गेला,
काळोखा, काळोखा, काळोखा,
आणि दोन उजळले.

दोन.
नियम सांगतो, तीनच्या खाली धरू नका.
मी मात्र त्या रात्री कॉफी गार होऊ दिली
आणि सुतावरून स्वर्ग गाठला:
सुरी नको, बशी नको,
नुसत्या दंडातून गाठीचं नावगाव कळेल.

मेमध्ये ऑपरेशननंतरचं रक्त आलं.
गाठ नाही, बशी केव्हाच धुतलेली,
आणि यंत्रात पुन्हा दोनच उजळले.

म्हणजे ते तिचे नव्हतेच.
यंत्राची ती आपली जुनी खोड.
दोन्ही रकान्यांत मी लिहिलं: आढळले नाही.
"असंच छापू," आमच्या प्रमुख रौहालाबाई म्हणाल्या,
"गप्प गाठ गप्प आहे, हेही कुणी सांगायला हवं."

इर्मेलीनं विचारलं, "मग, काय सापडलं माझ्या रक्तात?"
"काही नाही."
ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.
"नऊ वर्षं मला हेच सांगत होते.
काही नाही, जरा वजन कमी करा."

मी म्हणाले, हे 'काही नाही' वेगळं आहे.
म्हणाले, आणि मलाच ते अपुरं वाटलं.
तिनं बाही खाली ओढायला घेतली
आणि मधेच थांबून दंड माझ्यापुढे धरला.
त्या आठवड्यातल्या सुईची जागा.
जांभळं नाही, पसरलेलं काही नाही.
मुंगीच्या डोळ्याएवढा लाल ठिपका,
तोही शोधावा लागला.