भाग दुसरा, सकाळचा खेळ

पहिल्या भागात ड्रॅगन धुरकट होता.
मी घरतला म्हणालो, धुक्यातलं जनावर, झकास दाखवलंय.
या वेळी एकेक खवला दिसला,
जबड्यात अडकलेला भाला,
राणीच्या कपाळावरचे टाके.
खर्च केलाय लोकांनी!
घरत म्हणाला, खर्च तुझा.
डाव्या डोळ्याचा. नेरूळला, जूनमध्ये.

असो. मध्यंतरापर्यंत गोष्ट ढिली,
बुटका जादूगार फार बोलतो,
पण पूल कोसळला तेव्हा
मी पॉपकॉर्नसकट उभा राहिलो
आणि मागची पोरं ओरडली, काका, बसा!

बाहेर सीवूड्सच्या खाडीत फ्लेमिंगो.
नुसता गुलाबी धूर.
उजवा डोळा झाकला,
तर एकेक पाय मोजता आला.

तिसरा भाग दोन वर्षांनी.
उजवा तोवर राहू दे म्हणतो.
धुक्यातलं ते जनावरही
काही वाईट नव्हतं.