एकाहत्तरची नोंद

यमाजी नगरेच्या होडीला नियम लागत नाहीत.
परिपत्रकात तसं स्पष्ट आहे, कलम सात, पोटकलम क:
'यापूर्वी नोंदलेल्या नौका वगळून.'
तरी करमाळ्याहून टेप घेऊन आलोच होतो,
लांबी मोजली. सवय.

नोंद एकाहत्तरची, त्याच्या बापाच्या अंगठ्याची.
फळ्या मात्र तीनदा बदललेल्या,
तळाला पत्रा, पत्र्यावर डांबर,
इंजिन कुणाच्या तरी विहिरीवरचं.
"मग जुनं काय राहिलं हिच्यात?"
यमाजीनं धोतराच्या सोग्यानं पितळी बिल्ला पुसला.
"नंबर हाय की, सायेब."

एकाहत्तरला इथं भीमा होती.
या काठानं हाक मारली
की त्या काठानं ओ यायची.
पुढं उजनी भरलं.
आता पैलतीर म्हणजे साखर कारखान्याची चिमणी,
तीही उन्हात विरघळते.
खाली यमाजीचं गाव आहे, पार, चावडी, तालमीची माती;
होडी रोज त्यांच्यावरून जाते.

होडी जुनी, म्हणून सूट.
पाण्याची नोंद कुणी तपासली नाही.

पलीकडे अजून एक होडी बघायची होती,
म्हणून हिच्यातच बसलो.
आडवी घातलेली मोटरसायकल,
उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेतलेले गुरुजी,
नववीच्या चार मुली, दुधाच्या रिकाम्या किटल्या.
मोजले: एकोणीस.
नवी होडी असती तर आठ,
आणि डोईगणिक एक जाकीट.

मध्यावर वावधान सुटलं.
आधी बोलणी थांबली, मग इंजिन.
यमाजीनं होडीचं नाक वाऱ्याकडं वळवलं
आणि बांबू असा धरला
जसा बाप हट्टी पोराचा दंड धरतो.
एक मुलगी किटलीचं झाकण ठोकून घट्ट करत होती.
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"सर, ती दुसरी तुमी धरा. तरती ती."

धरली.
खिशातल्या फॉर्मवर, शेऱ्याच्या रकान्यात,
माझंच अक्षर होतं: लागू नाही.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही.
काठाला चिखल लागला तेव्हा
गुरुजी पेपर मोजत होते, पुन्हा पुन्हा.
मी वीस रुपये काढले.
"ऱ्हाऊ द्या," यमाजी म्हणाला,
"सरकारी माणसाला सूट असती."
मी नोट त्याच्या हातात कोंबली
आणि किटली परत द्यायची विसरून
बरंच अंतर चालत गेलो.