चार सूत

गावाचं नाव सांगत नाही.
सांगितलं तर पाटी लागेल,
आणि पाटी कुठल्या भाषेत यावरून पुढचं सगळं.
खानापूरच्या पुढं फाट्यावर उतरायचं,
काजूच्या बागेतून पाऊण तास.
किल्ल्यातली बस्ती सगळेच बघतात.
आम्ही इकडं येतो, दर जानेवारीत,
डिप्लोमाची दुसऱ्या वर्षाची पोरं,
टेप, ओळंबा, एक शिडी
आणि कुणाच्या तरी आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या.

किल्ली भरमू आकिवाटेंकडं.
ते आधी उंबऱ्यावर पाणी शिंपडतात,
मग आमच्या चपला मोजतात,
मग म्हणतात, "आडवे व्हा."
वीस पोरं, एक मास्तर, गार फरशीला पाठ लावून.
उभ्यानं बघितलं तर मान दुखते,
आणि मान दुखली की माणूस
लवकर 'छान आहे' म्हणून मोकळा होतो.

वर कमळ.
दगडाचं, पालथं,
देठ छताच्या वर कुठंतरी.
भरमूअण्णा कानडीत मोजतात पाकळ्या,
मी मराठीत,
आशिया किल्लेदार ओठ न हलवता.
चोवीसला तिघंही थांबलो.

सोळा वर्षं मी हे कमळ शिकवतोय.
रीत सोपी आहे:
एक पाकळी नीट मोजायची,
कंपासानं वर्तुळ, पंधरा-पंधरा अंशांचे भाग,
एकीवरून बाकीच्या तेवीस.
कॉलेजच्या जिन्यात माझं चित्र आहे, काचेत.
पाहुणे आले की प्राचार्य तिथं थांबतात,
दम लागलेला असतो हेही कारण आहे.

आशियानं माझं ऐकलं नाही.
टेप वाकतो म्हणाली.
आईच्या शिलाई मशीनचा दोरा आणला होता,
शिडीवर चढून एकेक पाकळी त्यानं,
गाठ मारायची, पुढं सरकायचं.
दुपार कलली.
पोरं जेवून तळ्यावर चिपऱ्या उडवायला गेली.
खाली तवनाप्पा शिडी धरून, हात बदलत.

"सर, एक पाकळी कमी आहे."
"चोवीस आहेत गं. सकाळी मोजल्या की."
"आकड्यानं नाही सर. रुंदीनं.
चार सूत."

सोळा वर्षांत पहिल्यांदा मी शिडी चढलो.
नैर्ऋत्येला, काजळीच्या थराखाली,
दोन धष्टपुष्ट पाकळ्यांच्या मध्ये
एक अंग चोरून बसलेली,
वडापच्या बाकावर चौथी सवारी बसते तशी.

म्हणजे त्याचंही चुकलं होतं.
कुणाचं, ते दगडावर लिहिलेलं नाही.
तेवीसपर्यंत हात सैल सोडून आला
आणि शेवटी जागा पुरेना.
त्यानं दगड टाकून दिला नाही.
तिला बारीक केलं.
पण शिरा?
आशियानं बोट फिरवून मोजल्या. सात.
शेजारणीच्या मोजल्या. सात.

खाली उतरलो तर गुडघे थरथरत होते.
भरमूअण्णांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?
"खट्टे बघुलालासा सर, इतकी वर्सं?
आमच्या घरात तिला धाकटी म्हणतात."

जिन्यातलं चित्र मी काढलं नाही.
प्राचार्य म्हणाले, कुणाला कळतंय.
खरंच कळत नाही कुणाला.
मी मात्र हल्ली मागच्या जिन्यानं वर जातो.

दोरा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
लाईट गेली की काढतो,
अंधारात गाठी बोटांखालून सरकवतो,
सारख्या, सारख्या, सारख्या,
आणि मग ती एक
लवकर येते.